मांजऱ्या खडक आणि समुद्राचा तळ

हिंगोली जिल्ह्यात विहिरींच्या जागा दाखवणं हा माझा धंदा. कळमनुरी असो की सेनगाव, खोदकामाचा क्रम साधारण ठरलेला. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मध्येच एखादा तांबडा पट्टा लागतो. खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसानं कुजला आणि बऱ्याच काळानं त्यावर दुसरा येऊन पसरला, याची ती खूण.

मांजऱ्या हातात घेतला तर नुसती भोकंच भोकं. काही रिकामी, काहींत पांढरी गारगोटी भरलेली. लाव्हा थिजताना जो वायू आत अडकला, त्याची ही घरं. पण अडकला तो थोडाच. बाकीचा हवेत गेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या या लाव्हानं आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. एवढ्या उद्रेकातला कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यावर पृथ्वी तापली असणार, हा अंदाज कुणीही करील. किती तापली, हे मात्र आमच्या विहिरीत कळत नाही. त्यासाठी दक्षिण अटलांटिकच्या तळाशी जावं लागतं.

तळाशीच का? वरचं पाणी ऋतूगणिक आणि जागेगणिक बदलतं. खोल समुद्रातलं पाणी ध्रुवांकडे बुडून सावकाश पसरतं, त्यामुळे त्याचं तापमान सहजासहजी हलत नाही. हललं, तर सगळ्या पृथ्वीचंच काही बिघडलं असं समजावं. आज ते जेमतेम १ ते ३ अंश सेल्सियस असतं.

या तळाच्या चिखलात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पण चुन्याचं कवच बाळगणारे. मेल्यावर कवच गाळातच राहतं, वर नवा गाळ साचतो. जहाजावरून नळी खुपसून हा गाळ थरांसकट वर काढतात. प्रयोगशाळेत तो बारीक चाळणीवर धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्यानं एकेक कवच वेचतात. तळावर राहणाऱ्या जाती वेगळ्या, वर तरंगणाऱ्या वेगळ्या. त्यांची सरमिसळ झाली तर सगळी मेहनत वाया. मग कवच आम्लात विरघळवायचं आणि निघालेल्या वायूतला ऑक्सिजन तपासायचा.

ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. साधारण पाचशेंत एक जड असतो. पाणी जितकं थंड, तितके जड अणू कवचात जास्त बसतात. फरक फार थोडा: एका अंशामागे हजारी पाव भागाच्या आसपास. हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये ही वाट दाखवली. १९५४ मध्ये चेझारे एमिलियानी यांनी याच रीतीनं दाखवून दिलं की सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी पॅसिफिकचा तळ १० अंशांच्या घरात होता.

आपल्या लाव्हाच्या काळाबद्दल १९९८ मध्ये ली आणि गर्टा केलर यांनी दक्षिण अटलांटिकच्या ५२५ क्रमांकाच्या छिद्रातली कवचं तपासली. आधी सरासरी ९.९ अंश असलेलं खोल पाणी एकदम २ ते ३ अंशांनी तापलं आणि डायनोसॉर संपण्याच्या आधीच पुन्हा निवलं. पुढे इतर ठिकाणच्या गाळातही ही वाढ सापडली. तिचा काळ त्या महाविनाशाच्या दीड ते तीन लाख वर्षं आधीचा, आणि दख्खनचा लाव्हा वाहू लागला तोही त्याच सुमाराचा.

या आकड्यांत एक गृहीतक दडलेलं आहे. समुद्राच्या पाण्यातच जड ऑक्सिजन किती होता, हे आधी धरून चालावं लागतं. ध्रुवांवर बर्फ साचला की हलका ऑक्सिजन तिकडे अडकतो आणि हिशेब बदलतो. म्हणून आता जड कार्बन आणि जड ऑक्सिजन कवचात एकमेकांना किती चिकटून आहेत, हे मोजतात; त्याला पाण्याचा हिशेब लागत नाही. २०२२ मध्ये नेले मेक्लर आणि सहकाऱ्यांनी गेल्या साडेसहा कोटी वर्षांचा अटलांटिक असा मोजला, तर तळ जुन्या आकड्यांपेक्षा बराच उबदार निघाला. ९.९ सारखा नेमका दशांश वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरा पेच आपल्याच दगडाचा. २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दख्खनच्या लाव्हाचं वय सांगणारे दोन लेख आले. एकानं आर्गॉननं मोजलं, दुसऱ्यानं युरेनियम-शिशानं, आणि कोणत्या टप्प्यात किती लाव्हा आला यावर दोघांचं जुळलं नाही. आर्गॉनवाल्यांच्या मते तर बहुतेक लाव्हा महाविनाशानंतरचा. मग समुद्र आधीच कसा तापला? लाव्हा वर येण्याअगोदरच पुष्कळसा वायू जमिनीतून निसटला असावा, असं एक उत्तर आहे. मला ते पटतं.

पण वय काढलेले बरेचसे नमुने सह्याद्रीच्या घाटांतले आहेत. तिथल्या उंच कड्यांवर थर एकावर एक उघडे दिसतात, म्हणून संशोधकांची पावलं तिकडेच वळतात. आमच्याकडे कडे नाहीत, विहिरी आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी इकडचे थर क्रमवार नोंदवायला घ्यावेत. विहीर बांधून काढण्याआधी या, उतरायला दोर आम्ही देऊ.