फळ्याशेजारचा बिनतारी पडदा



उसाच्या बिलातून शाळेसाठी जी कपात होते, ती आपल्या प्रत्येकाला बिलावर दिसते. ती पुढे कुठे खर्ची पडते हे पाहायला मात्र आपण सहसा जात नाही. हंगाम, पाणी, खत, तोडणीची टोळी यातून सवड कुणाला? पण या हंगामाच्या अखेरीस कार्यक्षेत्रातील एका विद्यालयाचा अर्ज आला आणि त्यावरून वजनकाट्यावर बरीच चर्चा झाली. मोबाईलचा पडदा बिनतारी पद्धतीने मोठ्या टीव्हीवर दाखविता यावा यासाठी सात वर्गांना टीव्ही मिळावेत, असा तो अर्ज होता. एका वर्गात शिक्षकांनी आपल्या खर्चाने सोय केलीही होती.

गाडी खाली व्हायची वाट पाहणारे एक तात्या म्हणाले, "पोरांच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून आम्ही घरी डोकं फोडतोय, आणि शाळा मोबाईलच फळ्यावर लावणार काय?"

प्रश्न रास्त आहे. तेव्हा आम्ही ठरविले की कागदावर मत देण्यापेक्षा वर्गात जाऊन बसावे. दोन दिवस बसलो. जे समक्ष पाहिले ते पुढे देत आहोत.

पहिला तास विज्ञानाचा होता. शाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एकच. वर्गात मुले अठ्ठेचाळीस. प्रत्येकाला अर्धा मिनिट म्हटले तरी चोवीस मिनिटे रांगेतच जातात, आणि रांगेतली पोरे काय करतात हे आपण सर्वजण शाळेत गेलेले असल्याने सांगायला नको. सरांनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, आयोडीनचा थेंब सोडला आणि आपल्या मोबाईलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याच्या भिंगावर धरला. शेजारच्या टीव्हीवर पेशी दिसू लागल्या, विटांची भिंत रचावी तशा, आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. "हा ठिपका म्हणजे केंद्रक," असे सर म्हणाले तेव्हा अठ्ठेचाळीस जण एकच ठिपका पाहत होते. पूर्वी काय व्हायचे, भिंगात डोळा लावलेल्या मुलाला नेमके काय दिसतेय हे सरांना कळायलाच मार्ग नसे. हवेचा बुडबुडा पाहूनही 'दिसली पेशी' म्हणून पोर बाजूला होई. आमचेही तसेच झाले होते, आता कबूल करायला हरकत नाही.

याच तासाला एका मुलाने घरच्या सुरू लागणीतला वाळलेला पोंगा आणला होता. ओढला की सहज हातात येणारा, घाण वास येणारा. सरांनी तो कोंब उभा चिरला आणि आतली अळी कॅमेऱ्याखाली धरली. पाठीवरच्या जांभळट पाच रेघा शेवटच्या बाकावरून मोजता आल्या. खोडकिडीची माहिती आपल्या शेतकी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात. पण त्या वर्गातली निम्मी पोरे संध्याकाळी आपापल्या फडात पोंगे उपटून पाहत असणार, अशी आमची खात्री आहे.

खरी गोष्ट मात्र आम्हाला दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला कळली.

बाईंनी फळ्यावर एक पदावली लिहिली: ३क − (क − ५). मुलांना कंस सोडवायला सांगितला आणि त्या बाकांच्या मधून फिरू लागल्या. मागच्या बाजूच्या एका बाकापाशी थांबून त्यांनी मोबाईलचा कॅमेरा चालू केला आणि एका वहीवर धरला. ती वही समोर टीव्हीवर आली. वहीवरचे नाव बाईंनी अंगठ्याने झाकले होते, ते आम्ही मुद्दाम पाहिले. त्या मुलाने लिहिले होते: ३क − क − ५.

"हे कुणाचं आहे ते राहू दे. पहिली पायरी बरोबर की चूक?" बाईंनी विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, कंसाच्या बाहेर वजा आहे, म्हणून आतल्या वजाचा अधिक होणार." बाईंनी बोटांनी चित्र मोठे केले, पडद्यावर तेवढे एकच चिन्ह राहिले. आणि त्याच वेळी आम्ही बसलो होतो त्या रांगेत किमान सात-आठ पोरांनी गुपचूप आपापल्या वहीत वजाचा अधिक केला. म्हणजे चूक एकाची नव्हती. फळ्यावर बोलावून हीच चूक दाखविली असती तर ज्याला बोलावले त्याची फजिती झाली असती आणि बाकीचे सुटले असते.

आम्हाला वाटते, या साधनाची किंमत इथे आहे. टीव्ही शाळेत येणे ही काही नवी गोष्ट नाही. १९७५-७६ साली 'साईट' नावाचा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग झाला, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत संच बसविले गेले. आपले राज्य त्यात नव्हते. तो प्रयोग मोठाच होता, पण चित्र यायचे ते वरून, आकाशातून. खेड्याने ते पाहायचे. पुढे सीडी आल्या, प्रोजेक्टर आले, ते आणताना सत्कार झाले, आणि दिवा उडाल्यावर बरेचसे कपाटात गेले. त्यातही धडा कुणीतरी दूर बसून तयार केलेला असे. इथे पडद्यावर येते ती त्याच वर्गातल्या पोराची वही. हा फरक लहान नाही.

आता हे चालते कसे, ते थोडक्यात. मोबाईल आपल्या पडद्यावरचे चित्र सेकंदाला अनेक वेळा टिपतो, दाबून लहान करतो आणि वाय-फायच्या लहरींवरून टीव्हीकडे पाठवितो. टीव्ही ते उलगडून दाखवितो. या दाबण्या-उलगडण्यात किंचित वेळ जातो, म्हणून हात हलला की पडद्यावरचा हात क्षणभर मागून हलतो. शिकविण्यात त्याने काही बिघडत नाही.

याच्या तीन जाती आहेत आणि घोटाळा इथेच होतो. 'मिराकास्ट' ही पद्धत २०१२ साली आली. तिच्यात मोबाईल आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात, मध्ये राऊटर लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. 'एअरप्ले' ही ॲपल कंपनीची, आयफोन-आयपॅडसाठी. तिसरी गुगलची 'कास्ट'. तिला मोबाईल आणि टीव्ही सहसा एकाच वाय-फायवर असावे लागतात. सगळेच अँड्रॉईड फोन मिराकास्ट करीत नाहीत, आणि ज्यांच्यात ते असते त्यांच्यातही कुठे त्याला 'स्मार्ट व्ह्यू' म्हणतात, कुठे 'वायरलेस डिस्प्ले', कुठे नुसते 'कास्ट'. बियाणे न पाहता लागण करावी तसे होते मग. अर्ज करणाऱ्या शाळेतच एका शिक्षकाचा फोन टीव्हीला जुळत नाही. ते बिचारे आजही फळ्यावरच आहेत. टीव्ही घेताना दुकानात शिक्षकांनी आपापले फोन नेऊन तिथल्या तिथे जोडून पाहावेत, याला पर्याय नाही.

अडचणी आम्ही झाकून ठेवणार नाही. आम्ही बसलो असताना एका तासाला पडद्यावर वरून पट्टी उतरली. सरांच्या कर्जाचा हप्ता थकल्याचा बँकेचा निरोप. सगळ्या वर्गाने वाचला. सर हसले, पण कानापर्यंत लाल झाले. त्यावर उपाय सोपा आहे: तास सुरू करताना फोन विमान मोडवर टाकायचा आणि मग फक्त वाय-फाय चालू करायचे. मिराकास्ट तशातही चालते. दुसरी गंमत, शेजारी-शेजारी दोन वर्गांत टीव्ही असले की इतिहासाचा नकाशा इंग्रजीच्या वर्गात उगवतो. प्रत्येक टीव्हीला वर्गाचे नाव द्यावे आणि जोडताना पिन मागण्याची सोय चालू ठेवावी.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे म्हणाल, तर तो ध्यास आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविलेल्या रणजितसिंह डिसले गुरुजींचा. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो कोड मोबाईलने वाचून धड्याची चित्रफीत सगळ्या वर्गाला दाखविता येते. मात्र तिथे इंटरनेट लागते. गावात रेंजचे काय हाल आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा शिक्षकांनी ती आदल्या रात्री उतरवून आणलेली बरी.

तात्यांच्या प्रश्नाचे उत्तरही द्यायला हवे. त्या शाळेत मुलांनी मोबाईल आणायचा नाही, हा नियम कडक आहे. वर्गात फोन असतो तो एकच, शिक्षकाच्या हातात. पण त्यातून दुसरा प्रश्न निघतो. बाई आम्हाला म्हणाल्या, "फोन माझा, त्याचा हप्ता माझा. उद्या पोराच्या हातून पडला तर?" सात टीव्हींच्या अर्जात एकही फोन किंवा टॅब मागितलेला नाही. आम्हाला ही उणीव वाटते. शाळेच्या मालकीचे साधेसे दोन टॅब असले तर शिक्षकांचा खासगी फोन पोरांसमोर उघडावा लागणार नाही.

आणि आकाराचे. अर्जात त्रेचाळीस इंची टीव्ही आहेत. आम्ही पट्टी घेऊन मोजले. अशा टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे एकवीस इंच भरते. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत अक्षर सुखाने वाचता येते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे साडेदहा फूट. वर्ग आहे चोवीस फूट लांब. शेवटच्या चार बाकांना वहीतले बारीक अक्षर दिसणार नाही, आणि तोडणी कामगारांची हंगामापुरती आलेली पोरे नेमकी त्याच बाकांवर बसलेली आम्ही पाहिली. पासष्ट इंची घेतला तर हेच अंतर सोळा फुटांवर जाते. त्यापुढे बाईंसारखे बोटांनी चित्र मोठे करायचे, किंवा बाक पुढे सरकवायचे.

काही मंडळी बोटाने लिहिता येणारे मोठे पॅनेलच घ्या म्हणतात. ते चांगले आहे, पण एकेकाची किंमत लाखाच्या घरात जाते आणि शिक्षक पुन्हा फळ्यापाशीच उभा राहतो. बाई मागच्या बाकापाशी जाऊ शकल्या त्या तार नव्हती म्हणूनच. तरीही प्रत्येक टीव्हीमागे एक एचडीएमआय तार खिळ्याला लटकवून ठेवावी, असे आम्ही सुचवू. लहरी रुसल्या की शाळेच्या लॅपटॉपला ती जोडता येते, तास वाया जात नाही.

हा अर्ज संचालक मंडळापुढे येणार आहे. आमचे मत विचाराल तर सातऐवजी चारच वर्ग घ्यावेत, पण टीव्ही मोठे घ्यावेत, दोन टॅब आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर त्यात धरावेत आणि शिक्षकांना दोन दिवस गणिताच्या बाईंच्याच वर्गात शिकायला बसवावे. ज्या सभासदांचे मत वेगळे असेल त्यांनी ते लेखी कळवावे. तत्पूर्वी एकदा शाळेत जाऊन यावे. बाईंचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो.