डहाणू-तलासरीचे विद्यार्थी आणि उन्हाळी संशोधन प्रशिक्षण

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर चारपेक्षा अधिक परिमाणाचा धक्का बसला. या काळात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविली.

भूकंपाच्या प्राथमिक लहरी आधी व दुय्यम लहरी मागाहून पोहोचतात. या दोहोंमधील काळ मोजला की भूकंपाचे केंद्र किती दूर आहे हे समजते. किमान तीन ठिकाणच्या नोंदी जुळविल्या की त्याची जागा ठरविता येते. हे गणित पदवी वर्गातील विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. ज्यांनी हे धक्के अनुभवले, त्यांच्यापैकीच कोणी उद्या अशा नोंदी वाचावयास बसावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. त्या वाटेवरील पहिली पायरी म्हणजे उन्हाळी संशोधन प्रशिक्षण होय.

देशातील तीन विज्ञान अकादमी संयुक्तपणे उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली काम करतो. त्याला विद्यावृत्ती व प्रवासखर्च मिळतो. विशेष म्हणजे ही योजना शिक्षकांनाही खुली आहे. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी शिबिरे व प्रकल्पांचा उपक्रम चालविला आहे.

बोर्डी व तलासरी येथे विज्ञान शाखेची महाविद्यालये आहेत. म्हणजे विद्यार्थी आहेत आणि योजनाही आहेत; उणीव आहे ती वेळेवर माहिती मिळण्याची. उन्हाळ्यातील प्रशिक्षणाचे अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याचे वर्ष वाया जाते. अर्जासोबत आपणांस काय शिकावयाचे आहे याचे टिपण व प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला हे टिपण कसे लिहावे हे सांगणारा शिक्षकच असतो.

दुसरी अडचण निवासाची. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे १२४ किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या. तथापि मानखुर्दला जावयाचे तर दादर व कुर्ला येथे गाडी बदलावी लागते. तलासरीच्या विद्यार्थ्याला त्याआधी डहाणू रोड गाठावे लागते. अशी रोजची ये-जा करून प्रयोगशाळेत मन लावून काम होणे कठीण. प्रत्येक संस्थेत राहण्याची सोय असतेच असे नाही. म्हणून निवडीचे पत्र येताच याची लेखी विचारणा करावी. विद्यावृत्ती हाती पडण्यास विलंब लागू शकतो. पहिल्या महिन्याच्या खर्चाची तजवीज आधीच असावी.

पहिल्या आठवड्यात मोठा शोध लावण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. सुरक्षिततेचे नियम समजून घेणे, उपकरणांची ओळख करून घेणे, नेमून दिलेले वाचन करणे आणि दररोजची नोंद तारखेसह ठेवणे, एवढेच काम असते. चुकलेली नोंद खोडून नाहीशी करू नये. तीवर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी. घरात वारली, शाळेत मराठी आणि प्रयोगशाळेत इंग्रजी, असा भाषेचा प्रवास करणारा विद्यार्थी प्रश्न विचारण्यास कचरतो. न समजलेले विचारणे हा तेथील कामाचाच भाग आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. महाविद्यालयाने दिवाळीनंतर लगेच योजनांची माहिती फलकावर लावावी व एका प्राध्यापकाकडे ही जबाबदारी सोपवावी. कार्यालयांनी विद्यार्थ्यांना लागणारे दाखले वेळेत द्यावेत. ग्रामपंचायत सदस्यांनी पालकांची भेट घ्यावी; विशेषतः मुलीला दोन महिने परगावी पाठविताना पालकांना जी काळजी वाटते, ती संस्थेचा पत्ता, निवासाची व्यवस्था व मार्गदर्शकांची माहिती हाती असल्यास पुष्कळ हलकी होते.

प्रशिक्षण आटोपून परतलेल्या विद्यार्थ्याने आपल्या शाळेत एक तास बोलावे, अशी प्रथा पाडता येईल. त्या तासाला बसलेल्या मुलांपैकी पुढचा अर्ज कोणाचा असेल, हे आज सांगता येत नाही. परंतु तो वेळेवर जाईल, याची व्यवस्था आजच करता येते.