फायनल इयरचा प्रोजेक्ट सबमिशननंतर जगतो कसा?

परभणी असो वा पुणे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे बहुतेक प्रोजेक्ट व्हायवा झाला की लॅपटॉपमध्येच पडून राहतात. त्यातले काही खरंच उपयोगी असतात. ते टिकावेत, यासाठी ओपन सोर्स जगाने एक पद्धत बसवली आहे.

ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय?
ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो, ते ओपन सोर्स. पण कोड इंटरनेटवर टाकला म्हणजे काम संपलं असं नाही. रोप लावल्यावर पाणीही घालावं लागतं.

रोपवाटिका कशी चालते?
अपाचे फाउंडेशनने २००२ मध्ये 'इन्क्युबेटर' सुरू केलं. इथे नव्या प्रोजेक्टला अनुभवी मार्गदर्शक मिळतात. परवाने तपासले जातात, निर्णय सर्वांसमोर घेतले जातात आणि नवी माणसं जोडावी लागतात. लिंक्डइनमध्ये तयार झालेलं 'काफ्का' २०११ मध्ये इथे आलं आणि २०१२ मध्ये स्वतंत्र प्रोजेक्ट झालं. ज्यांचं जमत नाही, ते प्रोजेक्ट रीतसर बंद केले जातात.

परभणीकरांना हे नवं नाही. 'परभणी क्रांती' भेंडीसारखं वाणही आधी चाचण्यांतून जातं, मगच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतं.

महाराष्ट्रात असं कुठे होतं?
आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात. स्टीलच्या बांधकामाचं डिझाइन करणारं 'ऑसडॅग' तिथेच वाढलं. ते आयएस ८०० या भारतीय मानकावर चालतं. फॉसीच्या एका उपक्रमात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं 'सायलॅब'मध्ये लिहितात. काम तपासून मान्य झालं की प्रमाणपत्र आणि मानधन मिळतं. यासाठी आयआयटीत प्रवेश असावा लागत नाही. नवख्याला आधी छोटं काम मिळतं, मोठी जबाबदारी नंतर.

तुमच्या प्रोजेक्टसाठी काय कराल?
• परवाना जोडा. तो नसेल तर तुमचा कोड वापरायची कायदेशीर परवानगी कुणालाच नसते.
• प्रोजेक्ट काय करतो आणि कसा चालवायचा, हे साध्या भाषेत लिहा.
• नवख्याला जमतील अशा चार-पाच कामांची यादी ठेवा.
• बदल मंजूर करायचा अधिकार आणखी एकाला तरी द्या. ज्युनिअर असेल तर उत्तमच.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. उद्या नोकरी लागून तुम्ही गाव सोडलंत, तर प्रोजेक्ट कोण चालवेल? या प्रश्नाला एका माणसाचं नाव उत्तर म्हणून देता आलं, तर तुमचं रोप रुजलं.