मधला मालक नसलेले जाळे

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले हे आदिवासी गाव. दीडशेहून अधिक माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एका एसटी ड्रायव्हरमुळे. नेहमीची फेरी घेऊन तो आला, तर जागेवर गावच दिसेना. त्याने गाडी मागे वळवली आणि खबर पोचवली. एखाद्या तंत्रज्ञानाने त्या दिवशी जीव वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र डोंगरातून खबर बाहेर पडायला किती थोड्या वाटा असतात, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

घोडेगाव, डिंभे, तळेघर आणि पुढे भीमाशंकर असा या भागातला रस्ता. तळेघरच्या आसपास भाताची खाचरे आहेत, वरकस जमिनीवर नाचणी-वरई आहे, जंगलात हिरडा आहे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस आहे. फोन, बँकेचे पैसे, रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवरचा अंगठा हे सगळे आता नेटवर्कवर चालते. डोंगराळ भागात हे नेटवर्क बहुधा एका टॉवरला किंवा एका केबलला लटकलेले असते. ती एक गोष्ट बंद पडली की पलीकडचे सगळे मुके. शेजारच्या वाडीतल्या माणसाला पाठवलेला मेसेजसुद्धा दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत यावा लागतो, त्यामुळे तोही अडकतो. दोन्ही फोन एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असले तरी.

यावर संगणकशास्त्राने पंचवीसेक वर्षांपूर्वी एक उत्तर शोधले. मधला सर्व्हर काढून टाकायचा. प्रत्येक यंत्राने घेणाराही व्हायचे आणि देणाराही. यालाच पीअर-टू-पीअर जाळे म्हणतात. तळेघरच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण या पट्ट्यातल्या महादेव कोळी शेतकऱ्यांची पडकई याच तत्त्वावर चालत आली. उतारावरची जमीन फोडून, बांध घालून भाताचे खाचर करायचे. एकट्याच्या कुटुंबाला ते झेपत नाही, म्हणून गट करायचा आणि आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात असे आळीपाळीने राबायचे. मजुरी देणारा मालक कुणी नाही.

देणारे वाढले की नेमके काय होते, ते हिशेबाने पाहू. भातरोपांवरच्या रोगाची माहिती देणारी १ गिगाबाइटची फिल्म १०० जणांना पाठवायची आहे. सर्व्हरचा पाठवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट. एक प्रत जायला ८०० सेकंद लागतात. शंभर प्रतींना ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून जास्त. आता त्या शंभर जणांनी मिळालेले तुकडे सेकंदाला फक्त २ मेगाबिट या वेगाने एकमेकांना द्यायला सुरुवात केली, तर जाळ्याची एकूण ताकद २१० मेगाबिट होते. काम आदर्श स्थितीत तासाभराच्या थोडे वर आटोपते. माणसे हजार झाली तर सर्व्हरच्या पद्धतीत वेळ दहापट होतो. दुसऱ्या पद्धतीत जेमतेम काही मिनिटे वाढतात. गर्दी वाढली की ताकदही वाढते, हे या रचनेचे खरे बळ.

मग सगळे जग असेच का चालत नाही? पहिली अडचण शोधण्याची. हवी ती वस्तू कुणाकडे आहे हे कळणार कसे? १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरने गाणी लोकांच्या संगणकांवर ठेवली, पण यादी स्वतःच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत तो सर्व्हर बंद पडला आणि त्याबरोबर सगळेच थांबले. २००० सालच्या ग्नुटेलाने यादीच ठेवली नाही. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी पुढच्यांना. मालक गेला, पण विचारपूस इतकी वाढली की जाळ्याचा मोठा हिस्सा प्रश्न वाहण्यातच खर्च होऊ लागला.

प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध किती महाग पडतो, हे पाहायला जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी प्रत्येक अँटेनाचा संकेत दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. तीस अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. म्हणून सगळे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती ठिकाणी आणले जातात आणि ताडण्याचे काम तिथे होते. तिथे केंद्र हवेच. दहा लाख यंत्रे असतील तर जोड्या पन्नास हजार कोटींच्या आसपास जातात. तेव्हा कुणी किती शेजारी ओळखायचे, यावरच पीअर-टू-पीअर जाळ्याची सगळी रचना उभी राहते.

याचे देखणे उत्तर २००१ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी दिले. पद्धतीचे नाव कॉर्ड. त्या गटातले हरी बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. सगळी यंत्रे एका काल्पनिक वर्तुळावर क्रमांकाने बसवायची. प्रत्येक वस्तूलाही गणिताने क्रमांक मिळतो आणि तिचा पत्ता त्या क्रमांकाच्या लगेच पुढच्या यंत्राकडे राहतो. प्रत्येक यंत्राने लगतचा शेजारी, त्याच्या दुप्पट अंतरावरचा, चौपट अंतरावरचा अशा थोड्यांचीच नोंद ठेवायची. दहा लाख यंत्रांच्या जाळ्यात सुमारे २० नोंदी पुरतात आणि सरासरी १० टप्प्यांत वस्तू सापडते. इतक्या कमी ओळखीवर इतके मोठे जाळे चालते, हे मला आजही थक्क करते. पुढच्याच वर्षी आलेली कडेम्लिया ही पद्धत बिटटोरेंट या फाइल वाटण्याच्या प्रणालीत प्रत्यक्ष रुजली.

दुसरी अडचण माणसाची आहे. २००० मध्ये अदार आणि ह्युबरमन या संशोधकांनी ग्नुटेलाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ ७० टक्के लोक काहीच देत नव्हते. मिळालेल्या उत्तरांपैकी निम्मी वरच्या १ टक्का यंत्रांकडून येत होती. नाव सर्वांचे, भार मूठभरांवर. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरेंटने यावर रोखठोक इलाज केला. फाइलचे तुकडे करायचे आणि जो मला देतो त्यालाच मी प्राधान्याने देणार. दर काही सेकंदांनी हिशेब नव्याने होतो. मात्र एक जागा अनोळखी माणसासाठी मोकळी ठेवली जाते, नाहीतर हातात काहीच नसलेल्या नवख्याला सुरुवातच करता येणार नाही. शिवाय जो तुकडा सर्वांत कमी लोकांकडे आहे तो आधी घ्यायचा, म्हणजे कुणी अचानक निघून गेला तरी तो तुकडा हरवत नाही. पडकईतही जो दुसऱ्याच्या रानात येत नाही, त्याच्या रानात कुणी का जावे? पण ज्याच्याकडे अजून अवजारही नाही, त्याला गटात घ्यावे लागतेच.

तिसरी अडचण सर्वांत कठीण, आणि आपल्या डोंगराला तीच लागू पडते. यंत्रे सतत येतात-जातात. एकेक गेले तर चांगले जाळे सावरते. एकदम गेली तर? ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या अपडेटनंतर जगभरचे असंख्य संगणक थोड्या वेळात रीस्टार्ट झाले आणि तेव्हा पीअर-टू-पीअर पद्धतीने चालणारे स्काइप सुमारे दोन दिवस कोलमडले. गणितात यंत्रे एकमेकांशी संबंध नसताना बंद पडतात असे धरलेले असते. प्रत्यक्षात पंचवीस घरांचे राउटर एकाच विजेच्या लाइनवर असतात, आणि झाड पडले की पंचवीसही एका क्षणी जातात. म्हणून डोंगरातल्या जाळ्याची रचना करणाऱ्याने सॉफ्टवेअरच्या आधी बॅटरी आणि सोलर पॅनेलचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे.

डोंगरातली घरे बिनतारी जोडायची तर आणखी एक मर्यादा आहे. घराघरावरचे राउटर एकमेकांचा संदेश पुढे ढकलतात त्याला मेश म्हणतात. एकाच चॅनेलवर ऐकणे आणि बोलणे एकदम जमत नाही, त्यामुळे दोन टप्प्यांत वेग साधारण निम्मा होतो, तीन टप्प्यांत तिसरा हिस्सा उरतो. पी. गुप्ता आणि पी. आर. कुमार या संशोधकांनी २००० मध्ये सिद्ध केले की अशा जाळ्यात माणसे वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा घटत जातो. वरच्या फिल्मच्या हिशेबाच्या अगदी उलट. तेव्हा मेशवर सिनेमे पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. निरोप, धोक्याचा इशारा, पावसाचे आकडे, दवाखान्याची चौकशी या गोष्टींना मात्र वेग फारच थोडा लागतो.

हे स्वप्नरंजन नाही. स्पेनमधल्या कॅटलोनियात २००४ मध्ये ग्रामीण भागातून सुरू झालेले गुईफी हे लोकांचे जाळे ३०,००० हून अधिक नोडपर्यंत, म्हणजे जोडलेल्या ठिकाणांपर्यंत, वाढले. एकाच वाटेवर विसंबू नये, ही जाण सरकारी आराखड्यातही आली आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती सरळ रेषेऐवजी वलयाने जोडायचे ठरले, म्हणजे केबल एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते. पण ते वलय पंचायतीपर्यंत. वाडीपर्यंतचे शेवटचे अंतर आपल्यालाच जोडावे लागेल. वाय-फायच्या लहरी आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. या दुसऱ्या पट्ट्यावर लोरा नावाची कमी विजेची यंत्रे समोर आडवा डोंगर नसेल तर काही किलोमीटरपर्यंत छोटे निरोप पोचवतात.

आंबेगाव तालुक्यातच अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना तळेघरच्या बाजूला या. शाळेचे छप्पर, दवाखाना, पंचायत आणि दोन-तीन उंच वाड्या निवडा, सोलरवर चालणारे नोड बसवा आणि जून ते सप्टेंबर ते चालू ठेवून दाखवा. किती निरोप पोचले, किती हरवले, कोणता नोड कधी आणि कशामुळे बंद पडला, याची रोजची नोंद ठेवा. ती नोंद मराठीत छापा आणि गावाच्या हाती द्या. जाळे सांभाळायला वाडीतलीच चार पोरे तयार करा, कारण तुम्ही पदवी घेऊन निघून जाल आणि पाऊस पुढच्या वर्षीही येणार आहे.