पूर्वज्ञानास श्रेयांक : अनुभवाचे मोल की अध्ययनाचे?

नोकरी, लष्करी सेवा वा संसार सांभाळून उशिरा महाविद्यालयात येणारा विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्यापाशी असलेले ज्ञान पदवीत कसे मोजावे, यासाठी अमेरिकेत दोन मार्ग विशेष रूढ आहेत. पहिला परीक्षेचा. कॉलेज बोर्डाने १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘क्लेप’ परीक्षांत ज्ञान कोठून मिळविले हे विचारले जात नाही. गुणश्रेणी २० ते ८०. साधारणतः ५० गुणांवर अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन श्रेयांकाची शिफारस करते. निर्णय मात्र प्रत्येक महाविद्यालयाचा. त्यामुळे तेच गुण एका संस्थेत ग्राह्य, तर दुसरीत निरुपयोगी ठरू शकतात.

दुसरा मार्ग कार्यसंचिकेचा, आणि तो अधिक अवघड आहे. दहा वर्षे हिशेब लिहिणाऱ्यास त्या दहा वर्षांबद्दल श्रेयांक मिळत नाहीत. त्यातून लेखाशास्त्राची कोणती तत्त्वे आत्मसात झाली, हे त्याने पुराव्यानिशी मांडावयाचे आणि विषयतज्ज्ञाने तपासावयाचे असते. हा भेद सुटला की श्रेयांक म्हणजे निव्वळ सेवाज्येष्ठतेची पावती!

भारतातही २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने, मूल्यमापनाच्या अटीवर, अनुभवजन्य अध्ययनास श्रेयांकाची वाट मोकळी केली आहे. ३० अध्ययन-तासांस १ श्रेयांक हे गणित सोपे आहे. परंतु कार्यसंचिका तपासणाऱ्या प्राध्यापकाच्या कार्यभारात ते तास कोठे धरावयाचे? आणि अभ्यासमंडळाने विषयाची अध्ययन-निष्पत्ती नेमकेपणाने लिहिलेली नसेल, तर त्याने ती संचिका कशाशी ताडून पाहावयाची?