सनदेवाचून सरदारकी

१७८७ साली रचलेल्या आपल्या राज्यघटनेत अमेरिकेने सरदारकीचे किताब देण्यास साफ मनाई केली. परंतु सनद, मनसब आणि वतन यांपैकी काहीच जेथे उरले नाही, तेथे माणसाने आपला दर्जा शेजाऱ्यास कळवावा तरी कसा, या प्रश्नाचे उत्तर घटनापंडितांनी दिले नाही, ते बाजाराने दिले. मोटार, बंगला, जेवणास कोण आले आणि कोण आले नाही, यांनाच त्या प्रजासत्ताकात सनदेचे मोल आले. थॉर्स्टीन व्हेब्लेन या नॉर्वेजियन शेतकऱ्याच्या मुलाने १८९९ साली निवांत वर्गावरील आपल्या ग्रंथात या प्रकाराची चिकित्सा केली, आणि ती अतिगंभीर मुद्रेने केल्यामुळे अधिकच झोंबली. तिच्यात हाडामांसाची माणसे घालण्याचे काम कादंबरीकारांनी केले.

एडिथ व्हॉर्टनबाईंचा जन्म १८६२ साली न्यूयॉर्कमधील अशा एका जुन्या, सधन घराण्यात झाला, की जेथे पैसा असणे स्वाभाविक आणि पैशाविषयी बोलणे अशिष्ट मानले जाई. १९१३ सालच्या ‘द कस्टम ऑफ द कंट्री’ या कादंबरीत त्यांनी अंडाइन स्प्रॅग ही नायिका उभी केली; तिच्या जन्माच्याच आठवड्यात आजोबांनी केस कुरळे करण्याची एक वस्तू बाजारात आणली होती आणि त्या मालाचेच नाव नातीस मिळाले. अंडाइन बिऱ्हाड बदलावे तसे नवरे बदलते, प्रत्येक वेळी वरच्या पेठेत. त्यात हळवा राल्फ मार्व्हेल प्राणास मुकतो. पुढे फ्रेंच उमरावाच्या घरात गेल्यावर, पंधराव्या लुईने त्या घराण्यास बहाल केलेल्या विणीव चित्रपटांची किंमत ठरवावयास ती व्यापाऱ्यास बोलावते. आणि अखेर रेल्वेच्या उलाढालींत गब्बर झालेला तिचा पहिलाच नवरा, एल्मर मॉफट, तिला आणि त्या चित्रपटांनाही आपल्या घरात आणतो. सर्व काही लाभल्यावर तिला कळते, की घटस्फोटितेस राजदूताची पत्नी होता येत नाही, आणि मग तिला तेवढीच एक गोष्ट हवीशी वाटू लागते.

१९२१ साली पुलित्झर पारितोषिकाच्या परीक्षकांचा कौल सिंक्लेअर लुइसच्या ‘मेन स्ट्रीट’कडे असता विश्वस्तांनी तो फिरवून पारितोषिक व्हॉर्टनबाईंच्या ‘द एज ऑफ इनोसन्स’ला दिले, कारण अमेरिकन जीवनाचे निकोप चित्रण ही त्याची शर्त होती. ज्या लेखणीने आपल्याच वर्गाचे वाभाडे काढले, तिला निकोपतेचे प्रशस्तिपत्र मिळावे, यातील विनोद दोघांनाही उमगला असला पाहिजे. १९२२ साली लुइसने ‘बॅबिट’ ही आपली कादंबरी व्हॉर्टनबाईंनाच अर्पण केली.

दोघांची जागा मात्र निराळी. बाईंचा उपहास माडीवरून खाली येतो. मिनेसोटातील सॉक सेंटर या गावच्या डॉक्टरचा हा मुलगा आपल्या नायकाच्या पंगतीलाच बसलेला असतो. जॉर्ज बॅबिट हा झेनिथ या कल्पित शहरातील सेहेचाळीस वर्षांचा घरजमिनींचा दलाल. जाहिरातीत नावाजलेले गजराचे घड्याळ उशाशी वाजले, की त्याला तेवढ्यानेही धन्यता वाटते. कॉलेजातील जुन्या ओळखीचा धागा धरून तो मॅकेल्वी या बड्या मक्तेदारास सपत्नीक जेवावयास बोलावतो. पाहुणे येतात, संभाषण अडखळते, कसलीशी सबब सांगून ते लवकर निघून जातात, आणि उलट निमंत्रणाची वाट पाहण्यात बॅबिट दांपत्याचे पुढचे दिवस जातात. ते निमंत्रण येतच नाही. अशातच ओव्हरब्रुक हा दुसरा वर्गबंधू, धंद्यात मागे पडलेला, बॅबिटला आपल्या घरी बोलावतो. तेच अडखळणे, तीच लवकर निघण्याची घाई. फक्त निघून जाणारे या वेळी बॅबिट पतिपत्नी असतात, आणि ओव्हरब्रुकला परत बोलावण्याचे तेही विसरतात. अमेरिकन वर्गभेदाचे इतके निर्दय वर्णन माझ्या वाचनात दुसरे नाही, आणि लेखकाने त्यावर भाष्य म्हणून फारसे काही केलेले नाही.

पुढे शिकागोच्या हॉटेलात बॅबिटला सर जेराल्ड डोक भेटतो, ज्याच्या मॅकेल्वींकडील पाहुणचाराने सारे झेनिथ दिपून गेले होते. हा इंग्लिश बडा पाहुणा निघतो लोखंडाचा व्यापारी, मेजवान्यांना विटलेला, सिनेमास सोबत कोणी मिळेल काय म्हणून आसुसलेला. दोघे चित्रपट पाहतात, दारूबंदीच्या अमलात खोलीवर बसून व्हिस्की घेतात आणि धंद्याच्या गोष्टी बोलतात. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे नायकाचे डोळे उघडले असते. लुइसचा बॅबिट हरखून जातो तो एका ‘सर’च्या बरोबरीने बसावयास मिळाले म्हणून.