बारा किलो शंभर ग्रॅम

सकाळी 7. आशाताईंचा फोन. "सर, ती पोरगी टीबीच्या गोळ्यांवरची, त्यांची टोळी परवाच निघतीय. मुकादमाचा ट्रॅक्टर आला." चहा अर्धा टाकून गाडीला किक मारली.

तालुक्याच्या क्षयरोग पथकात मी उपचार पर्यवेक्षक. गावात 'टीबीवाले सर'. बीडच्या या पट्ट्यात ऑक्टोबर संपता संपता गावं रिकामी होतात आणि माझे पेशंटही कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातात. मोठा माणूस गोळ्या खिशात घालून जातो. साडेतीन वर्षांच्या पोरीला खिसा नसतो.

8.30. आधी रुग्णालय. दोन वर्षांचा एक मुलगा रात्रीपासून उपाशी, रडून लाल झालेला. एवढी पोरं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढायचं आणि जंतू शोधायला सीबीनॅट तपासणीला पाठवायचं. त्यातही जंतू थोडे, पुष्कळदा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. मग डॉक्टर एक्स-रे बघतात, वजनाचा तक्ता बघतात आणि विचारतात, घरात कुणाला खोकला होता का?

हा प्रश्न मला टोचतो. सकाळच्या फोनमधल्या पोरीच्या आजोबांना मार्चमध्ये टीबी निघाला. अशा घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना तपासून, आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करायच्या, हे मला पाठ आहे. मी गेलो तेव्हा पोरगी अंगणवाडीत होती. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. गेलो नाही.

11.15. पोरीचं घर. दारात पोती, स्टोव्ह, भांडी बांधून ठेवलेली. आधी काटा मांडला. चप्पल काढ, हातातली बाहुली ठेव. मागच्या महिन्यात 11.4, आज 12.1. आजी म्हणाली, "अंगाला लागाया लागलं बघा."

लागलं, पण त्याचा अर्थ डोसही बदलला. आठ ते अकरा किलोला दोन गोळ्या, बारा ते पंधराला तीन. आमच्याकडे मोठ्यांची गोळी तोडून देण्याचे दिवस मी पाहिलेत. आता पाण्यात विरघळणारी, फळाच्या चवीची येते. पण वजनच केलं नाही तर वाढलेल्या पोरीला जुनाच, अपुरा डोस जात राहतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून कार्डावर तीन लिहिले. एथॅम्ब्युटॉल वेगळी, तीही तीन.

गोळी आजी देते. स्टीलची वाटी, आत खिळ्यानं ओढलेली रेघ, रेघेपर्यंत पाणी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा डोस, हेही तिला ठाऊक. पण आजी गावातच राहणार. पोरीला तिच्याजवळ ठेवा म्हणालो, तर आई मान वर करेना. शेवटी म्हणाली, "सा म्हैने कशी ऱ्हाईल माज्याबिगर?"

तिचंही खरं. उपचारही सहा महिने, ऊसही जवळपास तेवढाच. सौम्य टीबीत मुलांना चार महिने पुरतात, असा अभ्यास 2022 मध्ये छापून आला. त्यात पुण्याची मुलंही होती. या पोरीच्या कार्डावर मात्र सहा आहेत.

मग वेळ ठरवायची. आई पहाटे फडावर जाणार. मागे कोपीवर, तिथल्या झोपडीत, नऊ वर्षांची बहीण, स्वयंपाक तिचाच. ती म्हणाली, "मी देते की." नको म्हणालो. उशीर झाला, धाकटी रडली की बहीणच गोळी सांडून देईल, मार खायच्या भीतीनं सांगणारही नाही. आई निघायच्या आधी अंधारात उठवून पाजेल, असं ठरलं. रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, व्हिडिओ कॉलवर दाखवायची. बाप एवढा वेळ गप्प होता. मुकादमाचा नंबर त्यानं मोबाइलमध्ये शोधून दिला.

2.30. आठवीतला मुलगा, मानेला गाठी. शाळेत कळेल म्हणून गोळ्या दप्तरात लपवतो. मीही बाहेर झाडाखालीच भेटलो.

4. पोषणाचे पैसे. महिन्याला हजार, नोव्हेंबर 2024 च्या आधी पाचशे होते. पोरीच्या आईचं खातं बंद पडलंय, कारण आधारवर नावात एक काना जास्त. एका कान्यापायी अंडी अडली आहेत.

5.30. मुकादमाकडून कारखान्याचा तालुका कळला. निपाणीच्या बाजूला, म्हणजे राज्यच बदललं. टीबीच्या सरकारी पोर्टलवरचा निक्षय आयडी देशभर चालतो. ट्रान्सफर टाकली, तिकडच्या माणसाला फोन केला. उचलला नाही.

8.50. आईचा फोन. "भाऊ, आजीची वाटी घेतली बरं का." मी पोर्टल पुन्हा उघडलं. ट्रान्सफर अजून स्वीकारलेली नाही. सकाळी परत फोन लावतो.